आज ठरला भाव, उद्या द्यायचा माल
वायद्याच्या सौद्याची गोष्ट

बालमित्रांनो, गणपती यायला अजून दोन महिने असतात. बाहेर आषाढाचा पाऊस धो धो कोसळत असतो. आणि तेव्हाच घरात कुणाला तरी आठवण होते, "अहो, मूर्ती सांगून आलात का?" मग तुमचे बाबा नाहीतर काका घरचा पाट काखेत मारून गणपतीच्या कारखान्यात जातात. तिथे मूर्तीला अजून रंगसुद्धा लागलेला नसतो. काही मूर्ती तर नुसता मातीचा गोळा असतात! तरीही बाबा एक मूर्ती पसंत करतात, उंची ठरते, भाव ठरतो, थोडे पैसे विसार म्हणून दिले जातात आणि पाटावर नावाची चिठ्ठी चिकटते. बाकीचे पैसे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मूर्ती हाती आल्यावर.

आता गंमत पाहा. समजा, श्रावणात रंग महागले, मातीही महागली. चतुर्थीच्या तोंडावर तसलीच मूर्ती दुप्पट भावाने विकली जाऊ लागली. मूर्तिकार तुमच्या बाबांना म्हणेल का, "साहेब, आता दुप्पट द्या"? नाही म्हणायचा. कारण भाव आधीच ठरला आहे. आणि उलट झालं, शेवटच्या दिवशी मूर्ती स्वस्त झाल्या, तर बाबांनाही म्हणता येणार नाही, "मला नको ती मूर्ती, मी समोरून घेतो." दोघंही शब्दाने बांधलेले!

तुमच्या घरी दरवर्षी होणाऱ्या या साध्या व्यवहाराला बाजारात एक भारदस्त नाव आहे: वायद्याचा सौदा. वर्तमानपत्रात व्यापाराच्या पानावर 'वायदे बाजार' हे शब्द तुम्ही वाचले असतील आणि 'हे मोठ्यांचं' म्हणून पान उलटलं असेल. आज ते पान उलटायचं नाही. आज आपण तिथेच थांबायचं.

पाच गोष्टी पक्क्या

आपण दुकानात जातो, पैसे देतो, साखर घेतो. हा झाला रोखीचा व्यवहार. भाव आजचा, पैसे आजचे, मालही आजचा. वायद्याच्या सौद्यात मात्र भाव आज ठरतो. माल आणि पैसे यांची देवघेव पुढच्या एका ठरलेल्या तारखेला होते.

असा सौदा करताना पाच गोष्टी कागदावर अगदी स्पष्ट लिहाव्या लागतात. कोणता माल? कोणत्या प्रतीचा? किती वजनाचा? कोणत्या तारखेला आणि कुठे द्यायचा? आणि भाव काय? यातली एक जरी गोष्ट मोघम राहिली, तर त्या तारखेला भांडण ठरलेलंच. 'चांगला कापूस देईन' असं लिहून चालत नाही. तुम्हाला चांगला वाटतो तो मला चांगला वाटेलच असं थोडंच आहे?

आता प्रश्न असा, की लोक असा सौदा करतातच कशाला? त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने घ्यावं-द्यावं, काय बिघडलं? तर चला यवतमाळकडे, कापसाच्या शेतात.

पोळ्याला ठरलं, दिवाळीला दिलं

समजा, एक शेतकरीकाका आहेत. (आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, बरं का!) पोळा आला आहे. शेतात कपाशी उभी आहे, बोंडं अजून फुटायची आहेत. काकांचा अंदाज आहे, दिवाळीपर्यंत १० क्विंटल कापूस निघेल. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी सगळं धरून खर्च ५०,००० रुपये. त्यातले बरेचसे पैसे कर्जाऊ घेतलेले. काकांची झोप एकाच प्रश्नाने उडाली आहे: दिवाळीला भाव काय असेल?

तालुक्याला जिनिंगचा कारखाना आहे. तिथे कापसातून सरकी वेगळी काढतात आणि रुईच्या गाठी बांधतात. त्या कारखान्याच्या शेठजींनी एका सूतगिरणीला ठरलेल्या भावाने गाठी द्यायचं कबूल केलं आहे. तेव्हा त्यांचीही झोप उडाली आहे, आणि प्रश्न तोच: दिवाळीला भाव काय असेल? फक्त काकांना भीती आहे भाव पडण्याची आणि शेठजींना भीती आहे भाव चढण्याची.

पाहिलंत? एकाची भीती दुसऱ्याच्या बरोबर उलटी आहे. म्हणूनच दोघांचं जमतं! दोघं बसतात आणि ठरवतात: १० क्विंटल कापूस, दिवाळीला, कारखान्याच्या दारात, क्विंटलला ७,००० रुपये.

आता दिवाळी आली. तीन प्रकार होऊ शकतात.

पहिला प्रकार. बाजारभावही नेमका ७,००० निघाला. मग काही प्रश्नच नाही. काकांना ७०,००० मिळाले, खर्च वजा जाता २०,००० हाती राहिले.

दुसरा प्रकार. भाव कोसळला, ५,००० झाला. सौदा नसता तर काकांना ५०,००० मिळाले असते आणि सगळे खर्चात गेले असते. हाती भोपळा! पण सौदा आहे, म्हणून ७०,००० मिळाले. २०,००० हाती राहिले.

तिसरा प्रकार. भाव चढला, ९,००० झाला. सौदा नसता तर काकांना ९०,००० मिळाले असते, ४०,००० हाती राहिले असते. पण सौदा आहे, म्हणून मिळाले ७०,०००च. हाती राहिले तेच २०,०००.

आमच्या वर्गात फळ्यावर हा हिशेब मांडला, की तिसऱ्या प्रकाराला हमखास ओरडा होतो, "सर, काका फसले!" तुम्हालाही तसंच वाटलं ना? थांबा. पोळ्याच्या दिवशी काकांना भविष्य ठाऊक नव्हतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की काहीही झालं तरी कर्ज फिटावं, मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि पुढच्या बियाण्याला पैसे उरावेत. तिन्ही प्रकारांत ते झालं. ४०,००० मिळण्याची आशा त्यांनी सोडली आणि त्या बदल्यात शून्य हाती येण्याची भीती घालवली. हा बदला त्यांनी डोळे उघडे ठेवून केला. यात फसणं कुठे आलं?

शेठजींचंही तसंच. भाव ५,००० झाला तेव्हा त्यांना स्वस्त कापूस मिळू शकला असता, तो मिळाला नाही. पण भाव ९,००० झाला तेव्हा ते बुडाले असते, तेही झालं नाही. त्यांना फक्त आपला कारखाना नीट चालवायचा होता.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दुसऱ्या प्रकारात काकांना जे २०,००० जास्त मिळाले, ते आकाशातून नाही पडले. ते शेठजींकडून आले. तिसऱ्या प्रकारात तेवढेच शेठजींकडे राहिले. वायद्याचा सौदा पैसे निर्माण करत नाही. तो धोका इकडचा तिकडे करतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढच्या गोष्टीत लागणार आहे.

पण पाऊसच दगा देईल तर?

हुशार मुलाच्या डोक्यात आता एक शंका आली असेल. भावाचा प्रश्न सुटला. पण पाऊस नीट झाला नाही आणि १० क्विंटलऐवजी ६ क्विंटलच कापूस निघाला तर?

शाब्बास! हा खरा प्रश्न आहे. काकांनी १० क्विंटल द्यायचं कबूल केलं आहे. म्हणजे उरलेले ४ क्विंटल बाजारातून विकत आणून द्यायला हवेत. आणि सगळीकडेच पीक बुडालं असेल तर भाव चढलेला असणार. ९,०००ने घ्यायचं आणि ७,०००ने द्यायचं! क्विंटलमागे २,००० म्हणजे ४ क्विंटलला ८,००० रुपयांची खोट, आणि पिकाचं नुकसान झालं ते वेगळंच. वायद्याचा सौदा भावाच्या धोक्यापासून वाचवतो. पावसापासून, गारपिटीपासून, बोंडअळीपासून नाही. म्हणून जाणता माणूस अंदाजलेल्या सगळ्या पिकाचा सौदा करत नाही, त्यातल्या काही भागाचाच करतो.

पुढचा भाव कुठून येतो?

ज्या वस्तू साठवून ठेवता येतात, त्यांचा पुढचा भाव ठरवताना एक सरळ हिशेब असतो. सांगलीची हळद घ्या. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून त्यात हळद साठवायची जुनी पद्धत होती. हळद नीट ठेवली की टिकते.

समजा, आज हळद क्विंटलला १०,००० रुपये आहे. एखाद्या व्यापाऱ्याला सहा महिन्यांनी एक क्विंटल हळद द्यायची आहे. तो आजच १०,००० रुपये कर्ज काढून हळद घेईल आणि ठेवून देईल. वर्षाला दहा टक्के दराने सहा महिन्यांचं व्याज ५०० रुपये. गोदामाचं भाडं समजा १०० रुपये. म्हणजे त्याला ती हळद पडली १०,६०० रुपयांना. तेव्हा सहा महिन्यांनंतरचा वायद्याचा भाव साधारण १०,६००च्या आसपास असायला हवा.

कुणी १२,०००चा भाव देऊ लागला तर? तर सगळे व्यापारी धावत सुटतील! आज हळद घे, ठेव, आणि १२,०००ला देण्याचा सौदा कर. १,४०० रुपये पक्का नफा. पण सगळेच विकायला आले की भाव आपोआप खाली उतरतो. म्हणजे वायद्याचा भाव हे ज्योतिष नाही. त्यात व्याज आहे, भाडं आहे आणि पुढे काय होईल याचा अनेक माणसांनी मिळून केलेला अंदाज आहे. नवं पीक मधे येणार असेल, तर पुढचा भाव आजच्यापेक्षा कमीही असू शकतो.

मुंबईला वेड लागलं होतं तेव्हा

आता एक खरीखुरी घडलेली गोष्ट. ही आहे आपल्या मुंबईची, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं आपसांत लढू लागली. दक्षिणेत कापूस पिकायचा. तो इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस यायचा थांबला. गिरण्यांनी मग हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. मुंबई बंदरात कापसाचा भाव बघता बघता तिप्पट-चौपट झाला. असं सांगतात, की लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूससुद्धा विकायला काढला!

मुंबईत पैशाचा पूर आला. एवढ्या पैशाचं करायचं काय? रोज नवी बँक, रोज नवी कंपनी निघू लागली. त्यांचे शेअर घेण्यासाठी झुंबड उडाली. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटासा हिस्सा. सगळ्यांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या किनाऱ्याला समुद्र हटवून जमीन काढायची, असा तिचा बेत होता. जिच्या शेअरवर पाच हजार रुपये भरलेले होते, त्या शेअरला बाजारात पन्नास हजारांच्या घरात भाव बोलला जाऊ लागला. समुद्र अजून जागच्या जागीच होता बरं का! 'बाजारात तुरी' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि इथे आपला वायदा येतो. लोक हे शेअर रोखीने घेत नव्हते. वायद्याने घेत होते. "१ जुलै १८६५ रोजी मी तुझ्याकडून हा शेअर तीस हजारांना घेईन," असा कागद व्हायचा. आज खिशातून काही काढायला नको. १ जुलैला भाव पस्तीस हजार झाला, तर मधले पाच हजार आपले! ज्याच्याकडे पैसे नाहीत तोही विकत घेत होता. ज्याच्याकडे शेअर नाहीत तोही विकत होता.

आपल्या शेतकरीकाकांच्या सौद्यात आणि या सौद्यात फरक काय, सांगा पाहू? काकांकडे कापूस होता आणि शेठजींना कापूस हवा होता. दोघांनाही मुळातच एक धोका होता, तो त्यांनी सौद्याने घालवला. मुंबईच्या या लोकांना मुळात कुठलाच धोका नव्हता. कागदावर सही करून त्यांनी तो ओढवून घेतला. पहिल्याला म्हणतात बचाव, दुसऱ्याला म्हणतात सट्टा. कागद सारखाच, मजकूरही सारखाच; हेतू मात्र वेगळा.

एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शरणागती पत्करली. आता अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार, हे कळताच मुंबईच्या कापसाचा भाव धाडकन खाली आला. पाठोपाठ शेअर कोसळले. आणि मग उगवला १ जुलै.

शेकडो वायदे त्या एका दिवशी पुरे करायचे होते. मागे वळून पाहा: तीस हजारांना घ्यायचं कबूल केलेल्या वस्तूची किंमत आता चिल्लर झाली होती. बॅक बेचा शेअर पुढे दोन हजारांच्याही खाली घसरला. पैसे आणायचे कुठून? बरं, एकट्यादुकट्याचा प्रश्न नव्हता. अ ने ब चे पैसे थकवले, म्हणून ब ला क चे देता येईनात, क मुळे ड बुडाला. पत्त्यांचा बंगला पाहिलाय ना? खालचं एक पान काढलं की सगळा बंगला खाली. तसं झालं.

बँक ऑफ बॉम्बे ही त्या काळची मातब्बर बँक. तिचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० पर्यंत चढला होता. तो ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ साली बँकच बंद करावी लागली. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या खेळातले सर्वांत मोठे व्यापारी. त्यांचीही संपत्ती धुळीला मिळाली. पण तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला मोठी देणगी दिली होती. त्यातून आई राजाबाई हिच्या नावाने मनोरा उभा राहिला. १८७८ साली तो पुरा झाला. मुंबईला गेलात की राजाबाई टॉवरकडे पाहताना ही गोष्ट आठवा.

शब्दाला जामीन कोण?

मुलांनो, १८६५च्या गोष्टीतून एक उणीव उघड झाली. वायद्याच्या सौद्यात सगळी मदार समोरच्या माणसाच्या शब्दावर असते. तारीख उजाडेपर्यंत तो शब्द पाळेल की नाही, हे कळत नाही. आणि शब्द मोडण्याचा मोह नेमका केव्हा होतो? भाव खूप बदलला म्हणजे! ज्या दिवशी सौद्याची खरी गरज असते, त्याच दिवशी तो मोडण्याची भीती सर्वांत जास्त.

हे फक्त जुन्या काळात होतं असं समजू नका. मार्च २०११मध्ये जगाच्या बाजारात कापसाचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. आधी कमी भावाने सौदे केलेल्या काही विकणाऱ्यांनी माल द्यायला टाळाटाळ केली. मग वर्ष संपायच्या आत भाव निम्म्याहून खाली आला, तेव्हा चढ्या भावाने सौदे केलेल्या काही गिरण्यांनी माल उचलायला नकार दिला. दोन्हीकडून शब्द मोडले!

यावर उपाय काय? योगायोग पाहा. ज्या १८६५ साली मुंबईत वायदे बुडाले, त्याच साली अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या धान्यबाजाराने नवे नियम केले. हा बाजार १८४८ साली स्थापन झाला होता. मका, गहू यांचे वायदे तिथे आधीपासून व्हायचे. १८६५मध्ये त्यांनी ठरवलं: सगळ्या सौद्यांचं वजन, प्रत, तारीख एकसारखी असायची, आणि सौदा करणाऱ्या दोघांनीही काही रक्कम अनामत म्हणून ठेवायची. पुढे यात आणखी सुधारणा झाल्या. खरेदीदार आणि विक्रेता यांच्या मधे बाजाराची संस्था उभी राहू लागली. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा भाव पाहून ज्याचं नुकसान झालं त्याच्या अनामतीतून तेवढे पैसे काढायचे आणि दुसऱ्याच्या खात्यात टाकायचे. अनामत संपत आली की नवी भर, नाहीतर सौदा तिथेच बंद. म्हणजे सगळा हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत तुंबून राहत नाही. १ जुलैसारखा दिवस उगवण्याची शक्यता खूपच कमी होते.

तसं पाहिलं तर अशा बाजाराचा पहिला मान जपानला द्यावा लागतो. तिथल्या ओसाका शहरात, दोजिमा इथल्या तांदळाच्या बाजाराला १७३० साली सरकारी मान्यता मिळाली होती.

आपल्याकडेही लोक ठेच लागून शहाणे झाले. १८७५ साली मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्यांची संस्था निघाली आणि कापसाचे वायदे नियमांत आले. शेअर दलालांची संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. हार्बर लाइनवरचं 'कॉटन ग्रीन' स्टेशन तर त्या कापसाच्या बाजाराची आठवण अजून नावात बाळगून आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली वायदे सौद्यांचा कायदा झाला, १९५३मध्ये देखरेखीसाठी आयोग नेमला गेला. २०१५ साली हा आयोग सेबी या संस्थेत विलीन करण्यात आला. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबीच तेव्हापासून वायदे बाजारावरही लक्ष ठेवते. कधी धान्याचे भाव फार भडकले, तर काही मालांचे वायदे थांबवलेही जातात. डिसेंबर २०२१मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन, मूग अशा सात जिनसांचे वायदे असेच थांबवले होते.

द्राक्षं निघाली युरोपला

वायदा फक्त धान्या-कापसाचा असतो असं नाही. पैशाचासुद्धा असतो! नाशिकची द्राक्षं बोटीने युरोपला जातात. तिकडचा व्यापारी पैसे देतो युरोमध्ये, आणि तेही काही दिवसांनी. इकडच्या बागाईतदाराला मजुरी, औषधं, खोकी यांचे पैसे द्यायचे असतात रुपयांत. युरोचा भाव रोज खाली-वर होतो. मग तो बँकेत जातो आणि आजच ठरवतो: तीन महिन्यांनी माझे १०,००० युरो येतील, ते तुम्ही, समजा, ९० रुपये भावाने घ्या. म्हणजे ९ लाख रुपये पक्के. नंतर युरो ८५ रुपयांवर आला तरी त्याचे ५०,००० रुपये वाचले. ९५ झाला तर तेवढेच जास्तीचे मिळाले नाहीत. पण द्राक्षं पिकवणाऱ्याने द्राक्षांची काळजी करावी. युरोची काळजी करत रात्र का काढावी?

तेच यवतमाळच्या काकांनी केलं, तेच तुमच्या बाबांनी गणपतीच्या कारखान्यात केलं. वायदा हे एक अवजार आहे. विळ्याने पीक कापता येतं आणि हातही. ज्याच्याकडे माल आहे किंवा ज्याला माल हवा आहे, त्याच्या हाती ते शोभतं. नुसतं झटपट श्रीमंत होण्यासाठी उचललं, तर १ जुलै कधी उगवेल सांगता येत नाही.

खेळून पाहा: चिंचोक्यांचा बाजार

साहित्य: मूठभर चिंचोके, दोन फासे, कागदाचा तुकडा. खेळाडू चार.

दोघं शेतकरी, दोघं जिनिंगवाले. प्रत्येकाला सुरुवातीला ३ चिंचोके. उरलेले चिंचोके मधल्या वाटीत. प्रत्येक डावात शेतकऱ्याला पिकाचा खर्च येतो ६. जिनिंगवाल्याला पुढे गिरणीकडून मिळतात ८. दोन्ही फासे टाकून जी बेरीज येईल, तो त्या डावाचा बाजारभाव. म्हणजे भाव २ ते १२ मधला काहीही.

पहिला शेतकरी आणि पहिला जिनिंगवाला कागदावर सौदा लिहितात: 'दहाही डाव, भाव ७.' फाशावर काहीही पडो, शेतकऱ्याला ७ वजा ६, म्हणजे १ चिंचोका मिळतो. जिनिंगवाल्याला ८ वजा ७, म्हणजे तोही १. उरलेले दोघं सौदा करत नाहीत. त्यांचा हिशेब फाशाच्या भावाने. भाव ४ पडला, तर दुसऱ्या शेतकऱ्याने २ चिंचोके वाटीत टाकायचे आणि दुसऱ्या जिनिंगवाल्याने ४ उचलायचे. ज्याचे चिंचोके संपले त्याचं दिवाळं निघालं, तो खेळातून बाद.

दहा डाव खेळा. सौदा केलेल्या दोघांकडे प्रत्येकी बरोबर १३ चिंचोके असतील. बाकीच्या दोघांकडे किती? कधी तीस, कधी पाच, कधी शून्य! मग जागा बदलून पुन्हा खेळा. आणि एकमेकांना विचारा, तुम्हाला कोण व्हायला आवडेल, आणि का? उत्तर एकच नाही बरं का. आणि एक डाव मुद्दाम असाही खेळा, की फाशावर १२ पडल्यावर सौदा केलेला शेतकरी म्हणतो, "मी नाही देत ७ला!" मग काय होतं ते पाहा.

शब्द ध्यानात ठेवा

वायदा: पुढच्या तारखेला माल द्यायचा-घ्यायचा शब्द.
विसार: सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आधी दिलेली थोडी रक्कम.
रोखीचा भाव: आजच्या आज देवघेव करायचा भाव.
अनामत: शब्द मोडला तर भरपाई व्हावी म्हणून तिसऱ्याकडे ठेवलेले पैसे.
सट्टा: माल नको, द्यायचाही नाही, फक्त भाव चढेल की पडेल यावर लावलेले पैसे.

आईबाबांसाठी चार ओळी

मुलांना गणपतीची मूर्ती सांगायला, मंगल कार्यालय ठरवायला सोबत न्या. पावतीवर काय काय लिहिलं आहे ते त्यांना वाचू द्या: वस्तू, तारीख, भाव, दिलेला विसार. एखादी बाब सुटली असेल तर त्यांनाच शोधायला सांगा. आणि घरी मुलांना दिलेला शब्दही पाळा. "परीक्षेनंतर सायकल घेऊ" हासुद्धा एक वायदाच आहे, आणि त्याला दुसरा कुणी जामीन नसतो!